आत्याबाईंना दाखवलेली सुकी गोदी

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. आणि हसायचं असेल तर मधेमधे हसून घ्या, सगळं शेवटासाठी ठेवू नका. कारण शेवटी मी तुमच्याकडे मान वर करूनच बघणार आहे. गाढवपणा झाला, मान्य. असा झाला की नाशिकपर्यंत त्याची कीर्ती गेली, तेही मान्य. पण लाज वाटते का? मुळीच नाही! थोडीशी वाटते. ती मात्र आमच्या हिला कळता कामा नये.

तर विषय आमच्या केतकीच्या लग्नाचा.

केतकी ही माझी एकुलती एक मुलगी. तिने ओंकार नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला. मुलगा नाशिकचा, नोकरी मुंबईत, स्वभावाने गरीब. मला पसंत, आमच्या सुलभाला पसंत. ओंकारचे आईवडील, म्हणजे विलासराव आणि मीनाताई, त्यांनाही केतकी पसंत. मग घोडं अडलं कुठे? आत्याबाईंपाशी.

ओंकारची आत्या म्हणजे विलासरावांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा त्यांनीच भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतः मात्र लग्न केलं नाही. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. शाळेतून निवृत्त हं, घरातून नाही. त्या घरात आत्याबाईंना विचारल्याशिवाय कढीलासुद्धा उकळी फुटत नाही. आत्या हो म्हणाल्या तर लग्न. नाही म्हणाल्या तर केतकीने रडत बसायचं आणि आम्ही दोघांनी ते बघत बसायचं.

केतकीने मला आधीच दम भरला होता. "बाबा, आत्यांसमोर प्लीज मोजकं बोला हं. त्यांना फालतू बडबड अजिबात चालत नाही."

आता मी बडबड करतो का? करतो. पण फालतू? तुम्हीच सांगा.

ठरलं असं की रविवारी नाशिकची मंडळी आमच्या लालबागच्या घरी येणार, नाश्ता करणार, मग मी त्यांना मुंबई दाखवणार. विलासराव म्हणाले, "ताईने गेटवे पाहिलंय, राणीची बाग पाहिलीय, चौपाटी पाहिलीय. जरा वेगळं काहीतरी दाखवा."

वेगळं! अहो, माझ्यासमोर असं बोलायचं नसतं.

माझे बाबा गोदी कामगार. मालवणहून आले, लालबागच्या चाळीत राहिले आणि अख्खी हयात माझगावच्या गोदीत जहाजांची बुडं खरवडण्यात घालवली. मी लहान असताना ते मला माझगावच्या टेकडीवरच्या बागेत न्यायचे. वरून बोटाने दाखवायचे आणि म्हणायचे, "ती बघ, सुकी गोदी. थंय मी काम करतंय." एवढंच. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू गोदी त्यांच्याच नावावर आहे.

सुकी गोदी म्हणजे काय, माहीत आहे ना? नाही? मग ऐका. जहाजाचं बूड पाण्याखाली असतं, ते दुरुस्त कसं करणार? तर समुद्राला लागून एक भलामोठा दगडी हौद बांधतात. जहाज आत घेतात, दार लावतात आणि सगळं पाणी उपसून काढतात. जहाज बसतं कोरड्यावर. मग शिंपले खरवडा, शेवाळ काढा, रंग लावा. काम झालं की पुन्हा पाणी आत, जहाज बाहेर. झाली सुकी गोदी!

"अहो, पण ड्राय डॉक म्हणा ना सरळ," सुलभा म्हणाली. ती माहेरची गिरगावची. तिच्या माहेरी सगळे कारकून नाहीतर मास्तर, गोदीशी संबंध फक्त लांबून भोंगा ऐकण्यापुरता. "नाशिकच्या माणसांना गोदी काय कळणार?"

"मी डॉक म्हणणार नाही."

"का पण?"

का? सांगतो. माझ्या ऑफिसात सगळे म्हणायचे, "परबचे फादर डॉकमध्ये होते." डॉक म्हटलं की कसं साहेबी वाटतं. आणि मी "गोदीत होते" म्हटलं की यांची नाकं वर! तीच जागा, तोच घाम, पण शब्द बदलला की यांना वास येतो. तेव्हापासून मी ठरवलंय, जीभ झडली तरी डॉक म्हणणार नाही. गोदी म्हणजे गोदी! कुणाला कळत नसेल तर त्याने शिकून घ्यावं. माझ्या बाबांच्या कामाला मी कुणाच्या सोयीसाठी साहेबी टोपी घालणार नाही.

सुलभाने हात जोडले आणि आत निघून गेली.

आमच्या दोन्ही घरांचा मोबाइलवर एक ग्रुप केला होता. मी त्यावर रविवारचा कार्यक्रम स्वतःच्या आवाजात पाठवला. काय पाठवला ते अक्षरशः सांगतो, कारण सुलभाने तो मला नंतर इतक्या वेळा ऐकवलाय की तोंडपाठ झालाय.

"नमस्कार मंडळी! रविवारी नाश्ता झाला की आपण थेट सुक्या गोदीकडे जाऊ. आधीच सांगून ठेवतो, सुकी गोदी खूप जुनी आहे. आता पहिल्यासारखी राहिली नाही, जागोजागी चिरा पडल्यात, पण अजून काय दरारा आहे तिचा! मात्र तिच्या फार जवळ जायचं नाही. कुणालाच जाऊ देत नाहीत. लांबूनच नमस्कार करायचा. आणि फोटो तर अजिबात काढायचा नाही, काढलात तर भलतंच अंगाशी येईल!"

पाठवला आणि वाट बघत बसलो. एरवी मी नुसतं सुप्रभात टाकलं तरी मीनाताई चार फुलं पाठवतात. त्या दिवशी? शुकशुकाट! ओंकारने काहीतरी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. शेवटी विलासरावांचे जोडलेले हात आले. फक्त हात. शब्द नाही.

आता तुम्ही विचाराल, यात चुकलं काय? काहीच नाही! शब्दन् शब्द बरोबर होता; गोदीत नौदलाची जहाजं असतात, तिथे फोटोला बंदीच असते. फक्त एक बारीकशी गोष्ट मला माहीत नव्हती. नाशिकचे सगळे त्यांना आत्या म्हणायचे, विलासराव ताई म्हणायचे, केतकीच्या फोनमध्ये त्या 'आत्या नाशिक' होत्या. त्यांचं पाळण्यातलं नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोदावरी! नाशिकची माणसं, नाव दुसरं काय ठेवणार? लहानपणी सगळे गोदी म्हणायचे. आणि अंगाने कशा? खारीक बरी, इतक्या वाळलेल्या.

हं, आता तो निरोप पुन्हा एकदा मनातल्या मनात ऐका. ऐकलात? घ्या, चहाचा घोट घ्या, ठसका लागेल.

दुसऱ्या दिवशी विलासरावांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"परबसाहेब, एकटेच आहात ना?"

"एकटाच आहे. बोला की!"

"ते काल तुम्ही ग्रुपवर म्हणालात ना... ते... सुकी... म्हणजे ते नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? अख्ख्या मुंबईला माहितीये!"

"अख्ख्या मुंबईला?"

"मुंबईचं काय घेऊन बसलात, पार लंडनपर्यंत नाव होतं तिचं! गोरे साहेब बोटीत बसून खास बघायला यायचे."

"लंडन..." विलासराव पुटपुटले. मग म्हणाले, "ताईनेही तो मेसेज ऐकलाय."

"उत्तम! काय म्हणाल्या?"

"काहीच म्हणाली नाही. तेच तर वाईट आहे. परबसाहेब, एक विनंती करू? रविवारी तेवढा तो शब्द टाळता येईल का? दुसरं काहीही म्हणा."

झालं! माझं टाळकंच सटकलं. हा नाशिकचा माणूससुद्धा मला डॉक म्हणायला सांगतोय!

"विलासराव, व्याही म्हणून तुमचा मान राखतो, पण हे जमणार नाही. मी तिला सुकी गोदीच म्हणणार. जन्मभर म्हणत आलोय. कुणाच्याही तोंडावर म्हणेन!"

"तोंडावर नको हो!" विलासराव जवळजवळ ओरडलेच.

मी फोन ठेवला आणि सुलभाला म्हटलं, माणसं चांगली आहेत, पण भाषेचा अभिमान नाही. सुलभा म्हणाली, तुम्हाला जेवढा आहे तेवढा सरकारलासुद्धा नाही.

रविवारी मंडळी आली. आत्याबाईंना मी पहिल्यांदाच समोर बघत होतो. पांढरी साडी, चष्मा, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ आहे हे त्या खुर्चीलाच आठवलं नसतं. सुलभाने घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केली होती. केतकी वाढत होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती, गप्प राहा. मी गप्पच होतो हो! आत्याबाईंनीच विषय काढला.

"तुमचे वडील काय करायचे, परब?"

"गोदीत होते!"

विलासरावांच्या हातातलं घावण चटणीत पडलं.

"अख्खी हयात गोदीत गेली त्यांची," मी म्हणालो. "आमचं घर गोदीवर चाललं. मी शिकलो तो गोदीमुळे. म्हणून गोदीला कुणी नावं ठेवली तर मला खपत नाही."

"नावं ठेवलेली खपत नाहीत?" आत्याबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही!"

"मग सुकी म्हणता ते?"

"सुकी आहे म्हणून सुकी! ओली असती तर ओली म्हटलं असतं. जे आहे ते आहे, त्यात लपवायचं काय?"

मीनाताईंना ठसका लागला. ओंकारने पाण्याचा पेला त्यांना द्यायच्या ऐवजी स्वतःच पिऊन टाकला. आत्याबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश मान फिरवून विलासरावांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घावणं छान झालीत. चला, बघू या तुमची गोदी."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बाईंना मी आवडलो!

ओंकारची मोठी गाडी होती. लालबागहून भायखळ्यावरून माझगावला निघालो. मी पुढे बसलो आणि मागे मान वळवून सुरू झालो. म्हटलं, माझगाव म्हणजे एकेकाळचं वेगळं बेटच. इथे आंबे व्हायचे, तेही वर्षातून दोनदा. टेकडीवर किल्ला होता, तो गेला, आता तिथे बाग आहे. आणि मुंबईच्या गोदीतली जहाजं म्हणजे काय सांगू! मलबारचं सागवान, सुरतेहून आलेले पारशी कारागीर. इंग्रजांच्या आरमारात ओकच्या लाकडाची जहाजं सडायची आणि आपली सागवानी जहाजं ठणठणीत राहायची. विलासराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि गाडीत एसी चालू होता.

"आणि एकदा तर गोदीत असा भडका उडाला," मी म्हणालो, "की सगळी मुंबई हादरली!"

"भडका?" मीनाताई दचकल्या.

"तर! युद्धाच्या काळात. दारूगोळ्याची बोट होती, आत सोनंही होतं. सोन्याच्या विटा उडाल्या, एक तर थेट गिरगावात एका घराचं छप्पर फोडून पडली."

"आमच्याकडे नाही पडली," सुलभा म्हणाली. "पडली असती तर बाबांनी मला लालबागला कशाला दिलं असतं?"

गाडीत कुणी हसलं नाही. मला वाटलं, नाशिकला विनोद उशिरा पोचतो.

टेकडीवर पोचलो. पायऱ्या चढताना मी तीनदा थांबलो, आत्याबाई एकदाही नाही. वर गेल्यावर मी थेट कठड्याकडे धावलो. किती वर्षांनी आलो होतो, विचारू नका. आणि काय बघतो? चहूकडे टॉवर! जिथे आभाळ होतं तिथे काचा. समुद्र म्हणाल तर दोन टॉवरच्या मधून दिसला, साडीच्या काठाएवढा. मला क्षणभर काही ओळखूच येईना. माझ्या बाबांची गोदी गेली की काय?

आणि मग खाली दिसली. डावीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. भलामोठा चौकोनी खोल हौद, कडेने उतरत गेलेल्या पायऱ्या, तळाला गढूळ पाणी, वर उभ्या क्रेन, आणि आत टोप्या घातलेले कामगार. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या कामगारांत मी त्यांनाच शोधत होतो. मी कठड्यावर हात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"या, आत्याबाई, या! हीच ती सुकी गोदी! बघा कशी आ वासून पडलीय!"

मागे विलासरावांचा बांध फुटला.

"ताई, देवाशपथ सांगतो, मी नाही सांगितलं यांना! मीना बोलली असेल!"

"मी?" मीनाताई कडाडल्या. "नाव कुणी ठेवलं? दिवाळीत फराळाला बसून कोण म्हणालं, आमची सुकी गोदी पूर आला तरी ओली व्हायची नाही? मी म्हणाले?"

"आई, बाबा, गप्प बसा ना!" ओंकार रडकुंडीला आला.

ही माणसं कशाबद्दल बोलतायत? तेवढ्यात केतकीने माझी बाही ओढली आणि दातओठ खाऊन कानात म्हणाली, "बाबा, आत्यांचं नाव गोदावरी आहे!"

सुलभाने कपाळावर हात मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मंडळी, माझ्या पायाखालची टेकडी सरकली. आठवडाभर मी या बाईंना जुनी म्हणालो, चिरा पडल्यात म्हणालो, फोटो काढण्यालायक नाही म्हणालो! समोर केतकीचा चेहरा पांढराफटक. तिचं लग्न माझ्या जिभेने मोडलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? पाय धरील, माफी मागेल.

मी काय केलं? मी भांडलो!

"आत्याबाई, तुमच्या घरात तुम्हाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. पण मी गोदीला गोदी म्हणालो. गोदी म्हणजे जिथे जहाज दुरुस्त होतं ती जागा. माझ्या बाबांची जागा. तुम्हाला राग आला असेल तर मला बोला, माझ्या मुलीवर काढू नका. पण शब्द मी मागे घेणार नाही!"

आत्याबाई पदर खोचून म्हणाल्या, "परब, मी जन्मभर भूगोल शिकवलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे गोदी कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. बंदरं, धक्के, गोद्या, सगळं फळ्यावर काढून शिकवलंय. प्रत्यक्ष सुकी गोदी मात्र कधी बघायला मिळाली नाही. तुमचा निरोप ऐकला तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि लगेच हा विल्या माझ्या खोलीत आला. म्हणतो, ताई, ते परब काहीतरी बरळतात, तू मनावर घेऊ नको, घरात तुला कुणी तसं म्हणत नाही हं!" त्या भावाकडे वळल्या. "कुणी विचारलं होतं का रे तुला? तेव्हाच मी ओळखलं की घरात म्हणतात. फक्त कोण म्हणतं तेवढं शोधायचं होतं. ते आज कळलं."

विलासराव बूट बघत होते. एवढा मोठा माणूस, पण वर्गाबाहेर उभं केल्यासारखा दिसत होता.

मला काय आनंद झाला! म्हणजे माझं काही चुकलंच नव्हतं! मी सुलभाकडे अशा नजरेने पाहिलं की बघ, शेवटी कोण बरोबर ठरलं?

इथेच गोष्ट संपली असती तर मी आज तुम्हाला छाती काढून सांगत बसलो असतो. पण नाही. आत्याबाईंनी पर्समधून दूरचा चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आता दाखवा नीट. कुठे आहे तुमची सुकी गोदी?"

"ती काय खाली! ते दगडी काठ बघा. त्या पायऱ्यांवरून माझे बाबा उतरायचे."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "परब, समुद्र कुठे आहे?"

"तो काय, तिकडे."

"आणि जहाज आत येतं कुठून? मधे तर रस्ता आहे. बस चाललीय."

मी पाहिलं. बस चालली होती. खरंच, दोन बाजूंना रस्ता होता आणि उरलेल्या दोन बाजूंना इमारती. आता इथे तरी गप्प बसायचं की नाही? पण जीभ आमची!

"पूर्वी समुद्र इथपर्यंत होता. मग भर टाकली."

"अस्सं. आणि ते सिमेंटचं मिक्सर कशाला आलंय? परब, तुमच्या गोदीत सिमेंट ओततायत."

"नूतनीकरण चाललंय! सरकारी कामं अशीच असतात."

"तो पत्र्यावरचा फलक वाचते हं," आत्याबाई म्हणाल्या, आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागल्या. "आलिशान बेचाळीस मजले. तीन मजली तळघर पार्किंग. जिम. पोहण्याचा तलाव."

सगळे माझ्याकडे वळले. नाशिक माझ्याकडे बघतंय, गिरगाव माझ्याकडे बघतंय, माझी स्वतःची मुलगी तोंडावर ओढणी धरून माझ्याकडे बघतेय. तुम्ही असता तर हरला असता. मी परब आहे!

"मग?" मी म्हणालो. "नौदलाच्या लोकांना पोहायला नको?"

आधी केतकी फुटली. मग ओंकार. मग सुलभा कठडा धरून खाली बसली. विलासरावांना बिचाऱ्यांना हसायची परवानगी आहे की नाही तेच कळेना, ते ताईकडे बघून हसावं की नको करत होते. आणि मग आत्याबाई हसल्या. काय हसल्या! चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बागेतला माळी झारी ठेवून बघायला लागला.

हसू आवरल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "मुलगी मला फोटोतच आवडली होती. आज बापही आवडला. आमच्या घरात पाठीमागे कुजबुजणारे खूप झाले, परब. पार्किंगच्या खड्ड्याला सगळ्यांसमोर गोदी म्हणणारा एक तरी हवा. धरा तारीख."

केतकीने तिथेच वाकून त्यांना नमस्कार केला. मीही खुशीत होतो, पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी होती, म्हणून म्हटलं, "पण गोदी आहे हं. त्या टॉवरच्या मागे आहे. टॉवर आडवा आलाय म्हणून दिसत नाही."

"अहो, पुरे!" सुलभा म्हणाली.

पण आहे! अजूनही सांगतो. गोदी तिथेच आहे, चालू आहे, जहाजं येतात. बिल्डरने मधे भिंत उभी केली म्हणून माझ्या बाबांची गोदी नाहीशी होत नाही. पुढच्या रविवारी मी एकटा पुन्हा टेकडीवर गेलो, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, आणि एका फटीतून मला एक क्रेन दिसली. करड्या रंगाची, जहाजाच्या डोलकाठीशेजारी. मी फोटो काढला नाही. काढायचा नसतो. पण दिसली म्हणजे दिसली.

लग्न झालं. थाटात झालं. विलासरावांना आत्याबाईंनी मांडवात प्रत्येक पाहुण्याला पाणी द्यायला लावलं. आता दर रविवारी सकाळी नाशिकहून फोन येतो. मीच उचलतो, दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही. पलीकडून खणखणीत आवाज येतो.

"सुकी गोदी बोलतेय."

मग मी काय करणार? माझगावच्या गोदी कामगाराचा मुलगा मी, मान ताठ ठेवून सांगतो,

"बोला, आत्याबाई. खड्डा ऐकतोय."